तपास कोणाच्या हाती?



मी भाषेचा अध्यापक. कायद्याच्या प्रांतात शिरतो तो शब्दाचे बोट धरूनच. १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमात असा एक शब्द आहे: ‘संमती’. राज्याच्या संमतीवाचून केंद्रीय अन्वेषण विभागाने तेथे तपास करू नये. पण जिच्या पोलिसांविषयीच शंका, त्या राजसत्तेची संमती मागायची काय? पश्चिम बंगालच्या प्रकरणात १७ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर दिले: उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या आदेशाला ही संमती लागत नाही, मात्र हा अधिकार अपवादानेच वापरावा.

मला हा ‘मात्र’ मोलाचा वाटतो. आरोपी बडा आहे, लोकक्षोभ उसळला आहे, एवढ्याने भागू नये. तपास करणारा आरोपीच्या दबावाखाली आहे काय, हे पाहावे. सोहराबुद्दीन प्रकरणात आरोपी पोलीस अधिकारीच होते. म्हणून आरोपपत्रानंतरही, जानेवारी २०१० मध्ये, तपास हलविला गेला. आपल्या मध्य प्रदेशातील व्यापमं प्रकरण ९ जुलै २०१५ रोजी हलले. तोवर संबंधितांच्या मृत्यूंची चर्चा घरोघर पोचली होती. हा विलंब मला खटकतो. आणि ज्या विभागाकडे तपास सोपवायचा, त्यालाच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पिंजऱ्यातील पोपट म्हटले होते! तेव्हा तपास सोपवून न्यायालयाने हात झटकू नयेत; अहवाल स्वतः मागवीत राहावे.