ब्लॉकच्या यादीत काय मावत नाही

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आजवर सर्वाधिक शॉट कोणी अडवले, याची अधिकृत यादी पाहिली तर पहिलं नाव हकीम ओलाजुवॉनचं आहे. त्याचे ब्लॉक 3830. त्याच्यामागे डिकेम्बे मुटोम्बो 3289, करीम अब्दुल-जब्बार 3189, मार्क ईटन 3064 आणि टिम डंकन 3020. तीन हजारांच्या वर गेलेले हे एवढे पाचच. यादीतले आकडे खरे आहेत. तरीही शॉट अडवण्यात कोण मोठा, हे या यादीवरून ठरवायला गेलं की फसायला होतं. बचाव करणाऱ्याच्या हाताचा चेंडूला किती वेळा स्पर्श झाला, एवढंच ती मोजते, आणि ब्लॉकची किंमत बरीचशी त्या स्पर्शाच्या आधी आणि नंतर ठरते. आज हा एकच मुद्दा जरा सविस्तर मांडायचा आहे.

आधी ब्लॉक करणं अवघड का, ते पाहू. रिंग जमिनीपासून 10 फुटांवर असते. सात फुटी माणसानं नुसता हात वर केला तरी तो रिंगच्या अगदी जवळ पोचतो. अशा माणसाला मोकळं सोडलं तर तो रिंगखाली उभा राहून येणारा प्रत्येक चेंडू झटकून टाकील. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये नेमकं हेच होऊ लागलं. बॉब कर्लंड आणि जॉर्ज मायकन हे दोघे उंच खेळाडू रिंगमध्ये पडायला आलेला चेंडू वरच्यावर काढून टाकत. तेव्हा 1944 मध्ये त्यावर बंदी आली. त्या गुन्ह्याला गोलटेंडिंग म्हणतात. चेंडू वर चढत असेपर्यंतच त्याला हात लावायचा. तो उतरणीला लागल्यावर किंवा बोर्डाला लागून परतताना हात लावला, तर बास्केट झाली असं धरून गुण दिले जातात. चेंडूऐवजी शॉट घेणाऱ्याच्या हाताला धक्का लागला तर फाउल, आणि त्याला फ्री थ्रो. त्यानं नुसता शॉटचा आव आणला आणि बचाव करणारा हवेत गेला, तर हा खाली येईपर्यंत तो शेजारून निघून जातो. म्हणजे ब्लॉकसाठी मारलेल्या प्रत्येक उडीत जोखीम असते. यादीत यशस्वी उड्या दिसतात. फसलेल्या उड्यांचा हिशेब त्या रकान्यात कुठेच नसतो.

यादीचं दुसरं व्यंग तिच्या सुरुवातीत आहे. एनबीएनं ब्लॉकची नोंद ठेवायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामात. बिल रसेल 1969 मध्ये निवृत्त झाला होता, विल्ट चेंबरलेन 1973 मध्ये. ज्या दोघांनी ही कला घडवली, त्यांच्या नावावर अधिकृतपणे एकही ब्लॉक नाही. अब्दुल-जब्बारचेही पहिले चार हंगाम असेच वाया गेले. आता गंमत पाहा. चेंबरलेन गेल्यावर लॉस एंजेलिस लेकर्सनं त्याच्या जागी एल्मोर स्मिथ हा सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू, आणला. 28 ऑक्टोबर 1973 ला, नोंद सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, स्मिथनं पोर्टलंडविरुद्ध एका सामन्यात 17 शॉट अडवले. अर्धशतक लोटलं तरी तो विक्रम उभा आहे. आता यावरून स्मिथ इतिहासातला सर्वांत थोर ब्लॉकर होता असं कोणी म्हणत नाही. मोजणी सुरू होताच एवढा मोठा आकडा हाती लागतो, याचा अर्थ एवढाच की मोजणीआधीच्या पंचवीसेक वर्षांत असे सामने झाले असणार आणि ते कोणी लिहून ठेवले नाहीत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आकडे नसतील तर उरतात त्या आठवणी, आणि आठवणी फुगत जातात. मग रसेलला मोठा कशाच्या आधारावर म्हणायचं? आक्षेप बरोबर आहे, पण रसेलच्या बाबतीत आठवणींखेरीज दुसरा पुरावा आहे. तो बॉस्टन सेल्टिक्समध्ये 1956 मध्ये आला. त्याआधी बॉस्टनकडे बॉब कूझी होता, बिल शर्मन होता, गुण भरपूर होत होते, पण अजिंक्यपद एकही नव्हतं. रसेल आल्यावर 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं आली. तो गेला त्याच्या पुढच्याच हंगामात संघानं 34 सामने जिंकले, 48 हरले, आणि बाद फेरीही गाठली नाही. श्रेय एकट्याचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. टॉम हाइन्सन त्याच वर्षी आला होता आणि सॅम जोन्स रसेलबरोबरच निवृत्त झाला. तरी या सगळ्यांत बचावाचा कणा कोण होता, याबद्दल त्या काळच्या प्रतिस्पर्ध्यांत दुमत नव्हतं.

रसेलची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण यादी जे मोजत नाही तेच त्याच्या खेळात सगळ्यात मोलाचं होतं. तो डावखुरा होता. उजव्या हातानं शॉट घेणाऱ्याच्या समोर उभं राहिलं की रसेलचा चांगला हात नेमका चेंडूच्या बाजूला येई, अंगावरून आडवा न्यावा लागत नसे. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेणं त्याला मान्य नव्हतं. चेंडू मैदानाबाहेर गेला तर तो पुन्हा समोरच्या संघाकडेच जातो, मग अडवून मिळवलं काय? तो चेंडूला हलकासा धक्का देई, आपल्या साथीदाराच्या दिशेनं, आणि तिथूनच बॉस्टनची चढाई सुरू होई. दुसरी गोष्ट तो स्वतःच सांगत असे. प्रत्येक शॉट अडवायचा नसतो. हा आपला शॉट अडवील अशी धास्ती समोरच्याला प्रत्येक वेळी वाटली पाहिजे. या धास्तीमुळे जो शॉट घाईनं घेतला गेला, वाकडा गेला किंवा घेतलाच गेला नाही, तो ब्लॉकच्या रकान्यात कधीच येत नाही.

क्रिकेट ऐकणाऱ्यांना हे चटकन पटेल. एका टोकानं धावा रोखून धरणारा गोलंदाज बळींच्या यादीत मागे असतो, आणि त्याच्या दडपणाखाली फलंदाज दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला बळी देऊन जातात. क्रिकेटमध्ये निदान षटकामागच्या धावा छापल्या जातात. बास्केटबॉलमध्ये असा आकडा फार उशिरा आला.

आता यादीच्या बाजूनं बोलायचं तर तिनं काही माणसांना योग्य जागीच बसवलं आहे. मार्क ईटन हा 7 फूट 4 इंचांचा. कॉलेजात खेळायला येण्याआधी तो मोटारींचा मेकॅनिक होता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तो चपळ छोट्या खेळाडूंच्या मागे धावून दमत असे. तिथल्या जिममध्ये येणाऱ्या चेंबरलेननं त्याला एकदा हाताला धरून रिंगसमोर नेऊन उभं केलं आणि समजावलं की तुझं काम त्यांना पकडण्याचं नाही, इथे कोणाला पोचू न देण्याचं आहे. ईटननं पुढे हा प्रसंग अनेकदा सांगितला. पुढे युटा जॅझकडून 1984-85 मध्ये त्यानं 456 शॉट अडवले, सामन्यामागे 5.56. आजवर कोणी त्याच्या जवळपासही गेलेलं नाही. मूळचा सुदानचा, 7 फूट 7 इंचांचा मानुट बोल पुढच्याच हंगामात वॉशिंग्टनकडून आला आणि पहिल्याच वर्षी त्यानं 397 शॉट अडवले. त्याच्या सबंध कारकिर्दीत 1599 गुण आणि 2086 ब्लॉक आहेत. केलेल्या गुणांपेक्षा अडवलेले शॉट जास्त, असा हिशेब दुसऱ्या कोणाचा नसावा.

पण ईटनचा 5.56 हा आकडा त्याच्या काळापासून तोडून वाचता येत नाही. तेव्हा बहुतेक संघांचे सेंटर रिंगपाशीच खेळत, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या ईटनलाही रिंगपाशीच राहता येई. तीन गुणांची रेषा 1979-80 मध्ये आखली गेली होती, पण तिचा वापर तुरळक होता. 2001-02 पासून नियमच बदलला. समोर कोणी खेळाडू नसताना बचाव करणाऱ्याला रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक उभं राहता येईना. त्यानंतर उंच सेंटरही दुरून तीन गुणांचे शॉट घेऊ लागले आणि त्यांच्यामागे बचाव करणाऱ्यालाही बाहेर यावं लागलं. मुटोम्बोची 1995-96 मधली सरासरी 4.49 होती. त्यानंतर 2024-25 पर्यंत सबंध हंगामात चारची सरासरी कोणालाही गाठता आलेली नाही. यावरून नवे खेळाडू कच्चे असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. शॉट जिथून घेतले जातात ती जागाच सरकली आहे.

या दृष्टीनं ओलाजुवॉनचं पहिल्या क्रमांकावर असणं मला सगळ्यात समाधानाचं वाटतं. तो लागोसमध्ये वाढला, हँडबॉलमध्ये गोलरक्षक होता, बास्केटबॉल हाती धरला तो उशिरा. उंचीत तो ईटनपेक्षा बराच कमी. पण त्याला रिंगपाशी बसून राहावं लागत नसे. 3830 ब्लॉकच्या जोडीला त्यानं 2162 वेळा चेंडू हिसकावून घेतला आहे. दोन्हींत दोन हजारांच्या वर गेलेला तो एकटाच. 19 जून 1994 ची रात्र घ्या. ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क यांच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, शेवटचे क्षण, ह्यूस्टन 86, न्यूयॉर्क 84. न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सनं तीन गुणांचा शॉट घेतला. तो पडता तर अजिंक्यपद न्यूयॉर्कचं होतं. ओलाजुवॉन रिंग सोडून रेषेपर्यंत धावत आला आणि त्याच्या बोटांची टोकं चेंडूला लागली. चेंडू वाटेतच पडला, सामना ह्यूस्टननं जिंकला आणि पुढे सातवाही जिंकला. हा ब्लॉकही रकान्यात एकच, आणि एखाद्या निरस सामन्याच्या तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकांत भिरकावलेला चेंडूही एकच.

योगायोग असा की 2016 मध्ये त्याच तारखेला, 19 जूनला, क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सनं अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात आंद्रे इग्वोडालाचा शॉट मागून धावत येऊन बोर्डावर दाबला. गुण 89-89 असे बरोबरीत होते आणि दोन मिनिटंही उरली नव्हती. चेंडू क्लीव्हलंडच्या हाती आला, आणि त्यांनी सामना 93-89 असा जिंकला. जेम्स ब्लॉकच्या यादीत पहिल्या पाचांच्या आसपासही नाही. असाच एक ब्लॉक रसेलनं 1957 च्या अंतिम सामन्यात, पहिल्याच हंगामात, सेंट लुईसच्या जॅक कोलमनला पाठलाग करून केला होता. तोही सातवाच सामना, दोनदा जादा वेळ देऊन बॉस्टननं 125-123 असा जिंकलेला. त्या ब्लॉकची अधिकृत नोंद नाही.

कोणी म्हणेल, धास्ती काय, निर्णायक क्षण काय, हे सगळं मोजता येत नाही. मोजता येतं त्यावरच बोला. हे काही वर्षांपूर्वीपर्यंत चाललं असतं. 2010 मध्ये शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉन हुइझिंगा आणि त्यांचे सहकारी सँडी वाइल यांनी प्रत्येक ब्लॉकनंतर चेंडू कोणाकडे गेला आणि त्यातून किती गुण वाचले याचा हिशेब मांडला. संख्येत ड्वाइट हॉवर्ड पुढे होता, पण एकेका ब्लॉकची किंमत टिम डंकनची जास्त निघाली, कारण डंकन रसेलसारखा चेंडू मैदानातच ठेवी. हा डंकन एकाही हंगामात ब्लॉकच्या सरासरीत पहिला आलेला नाही. 2013-14 पासून एनबीएच्या सगळ्या मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसले. त्यामुळे अमुक खेळाडू जवळ असताना रिंगपाशी घेतलेले शॉट किती पडतात, हे कळू लागलं. फ्रान्सचा रुडी गोबेर ब्लॉकच्या सरासरीत फक्त एकदा, 2016-17 मध्ये, पहिला होता. सर्वोत्तम बचावपटूचा मान मात्र त्याला 4 वेळा मिळाला, मुटोम्बो आणि बेन वॉलेस यांच्याइतकाच. नुसता ब्लॉकचा रकाना पाहणाऱ्याला हे कोडं वाटेल.

मुटोम्बोचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. शॉट अडवल्यावर तर्जनी हलवून 'इथे नाही' असं बजावण्याची त्याची लकब जगभर गाजली, इतकी की पुढे लीगनं त्यावर दंड लावला. त्याला मी नुसता दिखावा म्हणणार नाही. पुढच्या वेळी आत शिरणाऱ्याला ते बोट आठवावं, हाच त्या लकबीचा उपयोग. 1994 मध्ये आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरनं पहिल्या मानांकनाच्या सिअ‍ॅटलला पाच सामन्यांच्या मालिकेत हरवलं, त्यात मुटोम्बोचे 31 ब्लॉक होते. असा निकाल लीगमध्ये त्याआधी कधी लागला नव्हता.

आणि आता व्हिक्टर वेम्बान्यामा. पहिल्याच हंगामात, 2023-24 मध्ये, सामन्यामागे 3.6 ब्लॉक. नवख्यानं पहिलं येणं हे मानुट बोलनंतर प्रथमच घडलं. तो तीन गुणांच्या रेषेवर उभ्या खेळाडूचा शॉट अडवतो आणि पुढच्या क्षणी रिंगपाशी परत आलेला असतो, म्हणजे ईटनचं काम आणि ओलाजुवॉनचं काम एकाच वेळी करतो. 2024-25 मध्ये खांद्यात रक्ताची गुठळी झाल्यामुळे त्याचा हंगाम 46 सामन्यांवरच थांबला, तरी 3.8 च्या सरासरीनं तो पहिलाच राहिला. मात्र किमान 65 सामन्यांची अट असल्यानं सर्वोत्तम बचावपटूच्या मानासाठी त्याचा विचार होऊ शकला नाही, आणि तो मान क्लीव्हलंडच्या इव्हान मोबलीला गेला. यादीत ओलाजुवॉनला गाठायचं तर वेम्बान्यामाला याच गतीनं हजाराच्या आसपास सामने खेळावे लागतील. तोवर त्याला पाहून रिंगकडे न जाता मागे वळलेले खेळाडू कॅमेऱ्यांच्या नोंदींत साठत राहतील, आणि रसेलच्या वाट्याला हे कधी आलं नव्हतं.