बुंध्याशी उगवणारी अळंबी

पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात आषाढ-श्रावणात ओल्या बुंध्यांवर आणि पडलेल्या ओंडक्यांवर ज्या अळंब्या उगवतात, त्यांची ओळख बहुतेक जण टोपीचा रंग पाहून ठरवतात आणि तेथेच चुकतात. दिसणारी छत्री हे बुरशीचे बीजाणू, म्हणजे बीजासारखे सूक्ष्म कण, पसरवणारे अंग असून तिचे शरीर, अर्थात कवकजाल नावाचे बारीक तंतूंचे जाळे, लाकडाच्या आत वर्षानुवर्षे वाढत असते. पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा डाग उमटला की जाणता गवंडी डागाचा रंग न्याहाळत बसत नाही, तर पाणी कोठून मुरते ते शोधतो. डागावर चुना फासला तरी पुढच्या पावसात तो हातभर सरकून पुन्हा उमटतो. बुंध्याशी आलेली अळंबी लाथेने उडवून निश्चिंत होणारे असाच चुना फासत असतात.

म्हणून झाड कोणते, अळंबी बुंध्यावर किती उंचीला आहे आणि टोपीखाली काय आहे, हे आधी पाहावे. थंड प्रदेशांतील जंगलांत झाडे मारणाऱ्या, मधाच्या रंगाच्या आर्मिलेरियाच्या टोपीखाली पातळ पडदे, देठावर बहुधा कडे आणि झाडाच्या सालीखाली काळे दोर असतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात तिच्या एकाच जाळ्याने सुमारे ९६५ हेक्टर जमीन व्यापली आहे. कोकणात बुंध्याशी वारंवार आढळते ती गॅनोडर्मा: लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत तांबूस, वाढती कडा पांढरी, आणि खाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रे, ज्यांतून तपकिरी बीजाणूंची पूड गळून जवळच्या पानांवर साचते. फणसाच्या खोडावरचा कठीण फणसांबा, जो घरोघरी औषध म्हणून उगाळला गेला, तोही छिद्रांचाच.

पुन्हा सांगणे आवश्यक आहे की रंगावर विसंबू नये, कारण तो वयाने आणि पावसाने बदलतो. बुंधा आणि टोपीची खालची बाजू पाहावी. गॅनोडर्मा लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य, कुजवते, त्यामुळे वर हिरवेगार दिसणारे झाडही मुळांशी कमकुवत होऊन वाऱ्यात कोसळू शकते. रस्त्याकडेच्या गुलमोहरांना सिमेंटचे पार बांधणाऱ्यांनी बुंध्याभोवतीची हातभर माती तरी उघडी ठेवावी, कारण रोगाची खूण प्रथम तेथे दिसते. अभयारण्यातून काही उचलून नेण्यास कायद्याची परवानगी नाही आणि त्याची गरजही नाही. टोपीखाली लहान आरसा धरला तरी छिद्रे की पडदे, हे कळते.