मुंबई–न्यूयॉर्क : किलोमीटर आणि तास

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका रविवारी संध्याकाळी पुण्यात आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले. एकुलता एक मुलगा न्यूयॉर्कला. त्याचा फोन आला : “आज रात्री नऊचं विमान मिळालंय. पंधरा तासांत मुंबईला उतरतो.” जमलेल्या मंडळींनी बोटांवर मोजले : रात्रीचे नऊ अधिक पंधरा, म्हणजे सोमवारी दुपारी बारा. त्या बेताने पुढची तयारीही सुरू झाली. मी भूगोल शिकवतो, म्हणून काकूंनी मला विचारलं, “भाऊ, बरोबर आहे ना हो हे?”

ते बरोबर नव्हते.

ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर आहेत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका यांवरून जाते असे वाटेल. पण पृथ्वी गोल. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा : तो तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा उत्तरेकडे चढतो आणि ग्रीनलँडच्या टोकाजवळून खाली उतरतो. सर्वांत जवळची वाट ती. विमानाला मात्र दर वेळी ती मिळतेच असे नाही. 2022 साली रशियाने युरोप-अमेरिकेच्या विमानांना आपले आकाश बंद केले. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना केले. मग वळसा आला, वेळ वाढला.

वाऱ्याचेही तसेच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून तिकडून येताना साधारण चौदा-पंधरा तास लागतात, तर जाताना तास-दीड तास अधिक. 1960 च्या मे महिन्यात एअर इंडियाचे बोइंग 707 न्यूयॉर्कला जाऊ लागले, तेव्हा वाटेत लंडनला उतरावे लागे. आता थेट जाता येते, एवढी प्रगती झाली खरी.

पण मंडळींची चूक किलोमीटरांत नव्हती, घड्याळात होती. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. त्याचे रविवारचे रात्रीचे नऊ, ते आपले सोमवारचे सकाळचे साडेसात. त्यात पंधरा मिळवा : सोमवारी रात्री साडेदहा. पुढे विमानतळावरची तपासणी आणि पुण्याचा रस्ता. म्हणजे मंगळवारची पहाट.

मी कागदावर मांडून दाखवले. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंगळवारी सकाळी करू या.” देह रुग्णालयाच्या शीतगृहात ठेवला. मुलगा पहाटे साडेचारला दारात उभा राहिला. वडिलांचे मुख त्याला पाहता आले.

तेव्हा श्रोतेहो, परदेशातून कुणी निघाले, की तीन गोष्टी विचारा : तिथले किती वाजता निघणार, हवेत किती तास, आणि दोन घड्याळांत अंतर किती. एरवी चुकलो, तर फार तर विमानतळावर ताटकळू. पण कधी कधी त्या बेरजेवर याहून बरेच काही अवलंबून असते.