स्पष्टवक्तेपणाचा बाजार



दूरचित्रवाणीवर रोज रात्री एक भाष्यकार येतो, कोणाची भीडमुर्वत न बाळगता बोलतो, आणि लाखो माणसे त्याची वाट पाहत बसलेली असतात. अमेरिकेत हे कित्येक दशके चालले आहे. या प्रेक्षकांना अडाणी ठरवून मोकळे होण्याचा मोह तेथील पुरोगामी सुशिक्षितांना फार लवकर होतो, आणि त्यांचा हा उतावळेपणा विरोधकांच्याच पथ्यावर पडतो.

दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या बातमीपत्राला विटलेल्या माणसाला स्पष्टवक्ता हवासा वाटला, तर त्यात गैर काय? ९ मार्च १९५४ रोजी एडवर्ड मरो यांनी सीबीएसवर सिनेटर मॅकार्थी यांचा समाचार घेतला, तेही मतप्रदर्शनच होते. पण पुरावा म्हणून पडद्यावर मांडली होती ती मॅकार्थींचीच भाषणे. उत्तरासाठी त्यांना वेळही देऊ केली होती. कंपनीने कार्यक्रमाची जाहिरात करण्याचे नाकारले, तेव्हा मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरचे पैसे घालून ती वृत्तपत्रात दिली.

पन्नास वर्षांनंतरचे लू डॉब्ज यांचे उदाहरण वेगळे आहे. सीएनएनवरील हे भाष्यकार मूळचे अर्थविषयक पत्रकार. २००३ च्या सुमारास, देशातील कामे परदेशी धाडणाऱ्या कंपन्यांविरुद्ध त्यांनी आघाडी उघडली. अशा कंपन्यांची नावे ते कार्यक्रमात जाहीर करू लागले. त्यांपैकी बरीच कामे भारतात येत होती हे खरे. तरी काम गमावलेल्या अमेरिकन माणसाचा संताप खोटा नव्हता. परंतु हळूहळू रोखलेले बोट मालकांवरून मेक्सिकोतून आलेल्या मजुरांकडे वळले. २००५ साली त्यांच्या कार्यक्रमात सांगितले गेले की, देशात तीन वर्षांत कुष्ठरोगाचे ७,००० रुग्ण आढळले. तो आकडा तीस वर्षांचा होता! २००७ साली ही चूक दाखवून दिल्यावरही डॉब्ज आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले.

असा माणूस घराघरांत शिरला, कारण घराबाहेरची जागा ओस पडली होती. १९८३ साली अमेरिकेतील सुमारे २० टक्के पगारदार कामगार संघटनांचे सभासद होते. २०२३ साली ते १० टक्क्यांवर आले. संघटनेच्या सभेत राग बोलून दाखवला की त्याचा ठराव होतो, मागणी होते, प्रसंगी संप होतो. शेजारी बसलेला परका मजूरही त्याच मागणीवर सही करतो. पडद्यासमोरच्या रागाकडून मालकांची अपेक्षा माफक असते. तो पुढच्या जाहिरातीपर्यंत टिकला की पुरे. शिवाय चार ठिकाणी वार्ताहर धाडण्यापेक्षा खुर्चीतला एक भाष्यकार स्वस्त पडतो, हा व्यवहारही ध्यानात घ्यावा.

डॉब्ज २००९ साली सीएनएनमधून बाहेर पडले आणि २०११ साली फॉक्सच्या अर्थविषयक वाहिनीवर आले. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानयंत्रांनी घोटाळा केल्याच्या निराधार आरोपांना तेथे व्यासपीठ मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा कार्यक्रम बंद झाला. यंत्रे पुरवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने भरलेल्या खटल्यात बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून दिसले की, फॉक्सच्या काही निवेदकांचा खासगीत या आरोपांवर विश्वास नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पैसे डॉमिनियनला मिळाले. पडद्यावरून प्रेक्षकांची माफी मागण्याचे बंधन त्या तडजोडीत नव्हते.