व्यायामाचे वार, विसाव्याचे वार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'व्यायामाचे महत्त्व' हा विषय चिटणिसांनी आम्हांस दिला, तेव्हा तो थोडा बदलून घेण्याची मुभा आम्ही मागितली. व्यायामाचे महत्त्व आता कोणासही पटवावे लागत नाही. आपल्यातील पुष्कळ तरुण जिमची वर्गणी भरून मोकळे झालेले आहेत. (त्यांतील प्रत्यक्ष जातात किती, हे त्यांच्या मातोश्रींना विचारावे!) आमचा प्रश्न निराळा आहे. आठवड्यातून किती दिवस व्यायाम करावा, आणि करणाऱ्याने झोप, नोकरी व घर यांची वाट कशी लावावी?

या विषयात बोलण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेने नव्हे, चुकीने प्राप्त झाला आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी आमच्या रक्तातील साखर वाढलेली निघाली आणि भीतीपोटी आम्ही व्यायामास लागलो. बिऱ्हाड डोंबिवलीस, नोकरी मुंबईस. तेव्हा पहाटे साडेचारला उठून, सातही दिवस, वजने उचलण्याचा क्रम सुरू केला. रात्री निजावयास साडेअकरा वाजत. पहिला महिना उत्साहात गेला. तिसऱ्या महिन्यात नेहमीचे वजन उचलवेना. कचेरीत आकडे चुकू लागले आणि घरात जिभेवरचा ताबा सुटू लागला. चौथ्या महिन्यात उजवा खांदा असा धरला की, सदऱ्यात हात घालण्यास चिरंजीवांचे साहाय्य घ्यावे लागे. जिममधील शिक्षकांचे म्हणणे एकच, की खंड पाडू नका. डॉक्टरांनी मात्र प्रथम विचारले, ''आपण झोपता किती?''

उत्तर देताना आम्हांस लाज वाटली.

स्नायू बळकट होतो तो वजन उचलताना नव्हे. त्या वेळी त्याच्या तंतूंवर ताण पडतो, थोडीफार झीजही होते. ती भरून निघते आणि बळ वाढते ते पुढील एकदोन दिवसांत, अन्नाच्या व निद्रेच्या आधाराने. त्याच स्नायूला दुसऱ्याच पहाटे पुन्हा जुंपले, तर भरपाईस अवकाश कोठला? आपल्या प्राचीन वैद्यांना याची जाण होती. बळाच्या अर्ध्यानेच व्यायाम करावा, असे सुश्रुताने सांगितले आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की ते अर्धे बळ संपले असे समजावयाचे. वाग्भटाने तर ही अर्धी शक्तीही थंडीत व वसंतातच वापरावयास सांगितली असून इतर ऋतूंत त्याहून कमी. पूर्वजांचा अभिमान सभेत बाळगणाऱ्यांनी तो पहाटेही बाळगावा!

आधुनिक मतही यापासून फार दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या सूचनेप्रमाणे प्रौढ माणसास आठवड्यात 150 ते 300 मिनिटे झपझप चालण्यासारखे मध्यम श्रम पुरेत, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. हा हिशेब आठवड्याचा आहे, हे ध्यानात घ्यावे. ब्रिटनमधील सुमारे 90 हजार लोकांच्या हालचालींचा एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे बहुतेक श्रम आठवड्याच्या एकदोन दिवसांतच होत, त्यांनाही हृदयविकाराच्या बाबतीत जवळजवळ तितकाच लाभ झालेला त्यात दिसला. लोकलने जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हा केवढा दिलासा! रात्रपाळी करून येणाऱ्यांनी तर आधी झोपावे, मग व्यायामाचा विचार करावा.

आता जे सांगावयाचे ते किंचित अवघड आहे. आमच्या साडेचारसाठी आमच्या सौभाग्यवती चारला उठत. चहा, भिजविलेले बदाम, मग डबा. गुडघ्यांसाठी त्यांना रोज चालावयास सांगितलेले होते, आणि पूर्वी त्या पहाटे चालतही. आमचा व्यायाम सुरू झाला त्या आठवड्यात त्यांचे चालणे थांबले, व हे आमच्या ध्यानी आले ते खांदा धरल्यावर, घरी बसून राहिलो तेव्हा! 'बायकांना घरकाम हाच व्यायाम' असे म्हणणारे येथेही असतील. कालपरवापर्यंत आम्हीही त्यांतलेच होतो. घरकामाने माणूस थकतो खरा. पण त्याला विसाव्याचा वार नसतो.

हल्ली आमचा क्रम असा आहे. सोमवार ते शुक्रवार रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत पायी, जाताना पंधरा मिनिटे व येताना पंधरा. दीडशे मिनिटे तेथेच भरतात. बुधवारी व शनिवारी अर्धा तास वजने. रात्री साडेदहाला निजणे, साडेपाचला उठणे. मंगळवार, गुरुवार आणि रविवारची पहाट सौभाग्यवतींची. त्या दिवशी चहा आणि डबा आमच्याकडे. पहिल्या डब्यातील भाजी कचेरीत कोणी खाल्ली नाही, हे कबूल केले पाहिजे. साखर ताब्यात आहे, गोळी मात्र सुटलेली नाही. खांदा पावसाळ्यात अजून आठवण देतो.

कार्यकारिणीस एक विनंती आहे. मंडळाचे सभागृह रविवारी सकाळी रिकामेच असते. ते एक तास भगिनींच्या व्यायामासाठी खुले करावे आणि तेवढा वेळ त्यांची मुले शेजारच्या खोलीत पुरुषांनी सांभाळावीत. त्यासाठी नावनोंदणीची वही चिटणिसांपाशी ठेविली आहे. तीत पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे; खालच्या ओळी अजून कोऱ्या आहेत.