पाच मिनिटं बंद केला की पुन्हा चालतो: गाडीच्या एसीतलं पाणी

गाडीत बसून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय तुमच्या डॅशबोर्डच्या मागेच आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे सगळं लिहून टाकतोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. कोड लिहून पोट भरतो. पण मागच्या उन्हाळ्यात एक बग माझ्या मागे लागला होता, आणि तो लॅपटॉपमध्ये नव्हता, गाडीत होता.

माझ्या बाबांचं डायलिसिस असतं, आठवड्यातून दोनदा, धंतोलीत. आम्ही राहतो बुटीबोरीला. धंतोली ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, यशवंत स्टेडियमच्या बाजूचा हा भाग म्हणजे गल्लीगणिक हॉस्पिटल, आणि पार्किंगच्या नावानं बोंब. गाडी कुठेतरी उन्हात लावायची, चार तास थांबायचं, आणि मग बाबांना घेऊन वर्धा रोडनं घरी. मे महिना. दुपारचे दोन.

डायलिसिसनंतर माणूस पार गळून जातो. त्यात किडनीच्या पेशंटला पाणी मोजून प्यायचं असतं. म्हणजे बाहेर ४५ डिग्री आहे, घशाला कोरड पडलीय, आणि तुम्ही त्याला "बाबा, एक बाटली पिऊन घ्या" असं म्हणू शकत नाही. त्यामुळे त्या पाऊण तासात गाडीचा एसी ही चैन नव्हती.

आणि नेमका तोच दगा द्यायचा. धंतोलीतून निघालो की मस्त थंड. अजनी चौक, विमानतळ, खापरीपर्यंत काही तक्रार नाही. जामठ्याचं स्टेडियम आलं की हवा गरम. पंखा जोरात चालू, हवा भरपूर, पण गरम. वैतागून एसी बंद करायचो, काचा खाली करायचो, पाच-सात मिनिटांनी पुन्हा चालू केला की परत थंड! जणू काही झालंच नाही.

आता आपल्या फील्डमधल्या लोकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला असेल. रीस्टार्ट केलं की चालतं. सगळ्यात घाण प्रकारचा बग.

गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं एसी लावला, दहा मिनिटं हात धरून पाहिला. "भाऊ, मस्त तर थंड होऊन राह्यली! गॅस थोडा कमी असन, टॉप-अप मारून देतो." पैसे दिले. दोन दिवसांनी जामठा, पुन्हा गरम. परत गेलो. या वेळी कॉम्प्रेसर बदलायची गोष्ट सुरू झाली, म्हणजे पाच आकडी खर्च. तेव्हा म्हटलं, थांबा. आधी बग रीप्रोड्यूस तर करू.

गॅरेजमध्ये बग का दिसत नव्हता, यातच उत्तर होतं.

एसी कसा चालतो ते एका मिनिटात सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढचा कंडेन्सर थंड करून त्याचा द्रव करतो, मग तो एका बारीक छिद्रातून जातो. त्याला म्हणतात एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. छिद्रापलीकडे दाब एकदम पडतो, गॅस उकळायला लागतो, आणि उकळताना डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलची उष्णता ओढून घेतो. तीच आपली थंड हवा.

आता समजा या गॅसमध्ये पाणी शिरलंय. छिद्राजवळचं तापमान शून्याच्या खाली गेलं की त्या पाण्याचा बर्फ होतो. छिद्र मुळात बारीक, त्यामुळे चिमूटभर बर्फही पुरतो. वाट बंद, गॅस बंद, थंडावा बंद. एसी बंद केला की बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. झालं तुमचं रीस्टार्ट.

मग हे शहरात का होत नाही? कारण उन्हात तापलेली गाडी, सिग्नलवर रांगणारं इंजिन, अशा वेळी कॉइल तितकी थंड होतच नाही. हायवेला लागलो, इंजिनाचे फेरे वाढले, आतली हवाही एव्हाना गार झाली, की तापमान शून्याकडे सरकतं. जामठा येईपर्यंत बर्फ तयार. आणि गॅरेजमध्ये दारं उघडी, इंजिन आयडलला. तिथे बर्फ होणार कुठून?

इथे एक सावधगिरी. बर्फ दोन ठिकाणी होऊ शकतो. एक, कॉइलच्या बाहेरून, गाडीतल्या हवेच्या दमटपणानं. त्यात कॉइलचा सेन्सर बिघडलेला असतो, आणि पंखा जोरात असूनही हवेचा झोत कमी होत जातो. दुसरा, आतून, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. त्यात झोत पूर्ण असतो, फक्त हवा गरम येते. हा फरक लक्षात ठेवा, मेकॅनिकला नीट सांगितला तर अर्धं काम होतं. आतल्या बर्फात कमी दाबाच्या गेजचा काटाही खाली घसरत जातो, कधी पार शून्याच्या खाली.

पाणी आलं कुठून? हा प्रश्न मला दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी विचारला. "बाबू, तुझी लाइन शेवटची उघडी कधी होती?" आणि माझी ट्यूब पेटली. आदल्या जुलैत दगड लागून कंडेन्सर फुटला होता. नवा कंडेन्सर यायला दोन दिवस लागले, तोवर पाइप उघडे, बाहेर पाऊस. मग घाईघाईत व्हॅक्यूम मारून गॅस भरला. जुना ड्रायर तसाच ठेवला.

थोडा हिशोब करू. नव्या आर-१३४एमध्ये पाणी दहा लाखात १० भागांपेक्षा जास्त नको, असं मानक आहे. जुना गॅस मशीननं साफ करून पुन्हा वापरायचा तर मर्यादा ५० भाग. गाडीत साधारण ५०० ग्रॅम गॅस धरा. ५० भाग म्हणजे २५ मिलिग्रॅम पाणी. अर्धा थेंब! आणि कॉम्प्रेसरचं जे पीएजी तेल असतं, ते हवेतला दमटपणा असा ओढतं की वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. १२० ग्रॅम तेलात दोन टक्के म्हणजे जवळपास अडीच ग्रॅम, म्हणजे पन्नासेक थेंब. जुलैत दोन दिवस पाइप उघडे ठेवणं म्हणजे काय, ते आलं ना लक्षात?

आणि बर्फ हा तर फक्त दिसणारा त्रास. पाणी, गॅस, तेल आणि उष्णता बराच काळ एकत्र राहिले की आम्ल तयार होतं. ते कूलिंग कॉइलचं ॲल्युमिनियम आतून खातं, कॉम्प्रेसर खराब करतं. म्हणजे तो पाच आकडी खर्च थोड्या दिवसांनी खरंच आला असता.

आता पाणी काढायचं कसं? टॉप-अप मारून पाणी जात नाही. नवा गॅस त्याच ओल्या तेलात जाऊन बसतो.

व्हॅक्यूम पंपाबद्दल माझा गैरसमज होता की तो पाणी ओढून घेतो, स्ट्रॉसारखं. तसं नाही. पंप दाब इतका कमी करतो की पाणी त्याच तापमानाला उकळतं, आणि मग वाफ बाहेर काढता येते. २८ अंशांना पाणी उकळवायचं तर दाब पाऱ्याच्या साधारण २८ मिलिमीटरवर आणावा लागतो. ४५ अंशांना ७२ मिलिमीटरही चालतात. म्हणजे नागपूरचा मे महिना या एका कामाला तरी चांगला!

पण गंमत गेजमध्ये आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या २९ इंचांच्या जरा आत. २८ मिलिमीटर म्हणजे एक इंच आणि थोडं. म्हणजे काटा सर्रकन खाली जातो, पाणी उकळायला लागतं ते शेवटच्या इंचात, आणि साध्या काट्यावर त्या इंचातलं काहीच नीट वाचता येत नाही. "व्हॅक्यूम झाला" म्हणून पंप दहा मिनिटांत बंद केला, तर वाळवण्याचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं.

एका आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे आपल्या शहराइतकं कुणाला माहीत? २०२४ च्या मे अखेरीस धंतोलीला लागूनच असलेल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडलाय.

म्हणून काकांनी डिजिटल मायक्रॉन गेज लावला. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर पारा. आकडा ५०० ते १००० च्या खाली गेला की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून वाट पाहायची. आकडा जागेवर राहिला तर सिस्टीम कोरडी आणि बंद. चढत चढत एका ठिकाणी थांबला तर आत अजून पाणी उकळतंय, पंप पुन्हा लावा. थांबतच नसेल, चढतच राहिला, तर लीक आहे. एका टेस्टमध्ये तीन उत्तरं. मला तर युनिट टेस्ट पाहिल्यासारखा आनंद झाला.

आमचा आकडा पहिल्यांदा चढून थांबला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा टिकला. दोन तासांवर वेळ गेला.

पण तेलात मुरलेलं पाणी नुसत्या व्हॅक्यूमनं पूर्ण निघत नाही. म्हणून काकांनी तेलही बदललं आणि ड्रायरही. ड्रायरमध्ये झिओलाइटचे मणी असतात, त्यांना तीन अँगस्ट्रॉमची छिद्रं. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान म्हणून आत अडकतो, गॅसचा रेणू मोठा म्हणून बाहेरून निघून जातो. मणी एकदा भरले की संपले. नव्या ड्रायरचं झाकणही अगदी शेवटी, पंप लावायच्या आधी उघडायचं, नाहीतर तो गॅरेजचीच हवा पीत बसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत ड्रायर वेगळा दिसत नाही, कंडेन्सरच्या कडेच्या नळीत त्याची पिशवी असते.

तर तुमची एसी लाइन कधी उघडली, तर एवढं विचारा. पाइपांची तोंडं बंद ठेवली का? ड्रायर नवा टाकला का? व्हॅक्यूम किती वेळ मारला, आणि नंतर थांबून पाहिलं का? गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून भरला का? आणि जुना गॅस मशीनमध्ये काढला की हवेत सोडला? आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट जोरदार आहे. उन्हाळ्याला शिव्या देणाऱ्या आपण नागपूरकरांनी तरी तो हवेत सोडू देऊ नये.

एकूण खर्च कॉम्प्रेसरच्या निम्म्याहून कमी आला.

त्यानंतरच्या गुरुवारी बाबांना घेऊन निघालो. जामठा आला तसा माझा हात आपोआप व्हेंटपाशी गेला. थंड. बुटीबोरीचा पूल आला तरी थंड. बाबांना सांगायला वळलो, तर ते झोपले होते. इतक्या आठवड्यांत परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच.

तुमच्या गाडीचा असा काही चक्रम बग असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. उन्हात जपून राहा!