घोरतोय म्हणजे झोपलाय, असं समजू नका
(शिरवळ येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



हप्ते भरून झाले, आता पाच मिनिटं घरातल्या औषधाच्या डब्याबद्दल बोलू. आपल्याकडं कुणी कंपनीत रात्रपाळी करतं, कुणी हायवेला गाडी चालवतं. कुणाला झोप नाही, कुणाची कंबर धरलेली. म्हणून डब्यात झोपेची गोळी असते, दुखण्याची जोरदार गोळी असते, खोकल्याचं औषध असतं. आणि काही घरांत संध्याकाळी दारूही असते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या. ट्रॅमाडॉल दुखण्याची. कोडीन खोकल्याच्या काही औषधांत असतं. ही सगळी, आणि दारूसुद्धा, मेंदूला मंद करतात. झोपेत श्वास चालू ठेवायचं काम मेंदूच करतो. यातली दोन-तीन एकत्र पोटात गेली की श्वास मंद होत होत थांबू शकतो. माणसाला मरायचं नसतं, फक्त झोपायचं असतं.

हीथ लेजर नावाचा सिनेनट २००८ साली न्यूयॉर्कमध्ये असाच गेला. वय फक्त २८. तपासणीत दुखण्याची, घबराटीची आणि झोपेची मिळून सहा औषधं निघाली. सगळ्यांचा एकत्र परिणाम होऊन अपघाती मृत्यू, अशी नोंद झाली. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं, तर आपण जपायलाच पाहिजे.

मग ओळखायचं कसं? हाक मारली, हलवलं तरी उठत नाही. श्वास फार सावकाश चालतो, घशात घरघर होते. ओठ, नखं निळसर पडतात. तेव्हा "जास्त झालीय, झोपू दे" म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा. माणसाला कुशीवर वळवा, जवळून हलू नका. लिंबूपाणी, ताक काही पाजू नका, उलटी काढू नका. ते श्वासनलिकेत जातं. गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात सोबत न्या.

दुसऱ्याची गोळी घेऊ नका. डॉक्टरला आधीची सगळी औषधं सांगा, दारूचंही सांगा, लाजू नका. रोजची गोळी मात्र मनानं एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो. झोप उडालीय, मन लागत नाही, तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या बैठकीला घरातली गोळ्यांची पाकिटं घेऊन या. आशाताई येणार आहेत. कुठली गोळी कशासोबत चालत नाही, ते एकेक पाकीट हातात घेऊन विचारू.